"नॉर्मल" रिपोर्टचा अर्थ काय? अंडाशयाचा कर्करोग परतला का, हे शस्त्रक्रियेआधी कसं बघतात

यंदाच्या गणपतीत आरती आटोपल्यावर शेजारच्या मावशी मागे थांबल्या. हातात मेडिकलच्या दुकानातली पिशवी, पिशवीत रिपोर्ट. तीन वर्षांपूर्वी त्यांचं अंडाशयाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, मग केमो झाली, आणि पुढे सगळं बरं चाललं होतं. आता रक्तातलं सीए-१२५ दोनदा वाढलेलं आलं होतं. सीटी स्कॅनच्या रिपोर्टवर मात्र लिहिलं होतं, की आजार परतल्याची खूण दिसत नाही.

"बाय, एवढी शिकतेस, तर मला एवढंच सांग. आहे की गेला?"

मी म्हटलं, "मावशी, मी डॉक्टर नाही. माझी पीएचडी इमेजिंगच्या फिजिक्समधली. हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारायला हवं." त्यांनी मान डोलावली, पिशवीला गाठ मारली आणि जाता जाता दुसरा प्रश्न विचारला, "आणि असलाच, तर या वेळी सगळा निघेल का गो?"

घरी येऊन मी हे दोन्ही प्रश्न वहीत एकाखाली एक लिहिले. या विषयावरचे बहुतेक पेपर या दोहोंपैकी एकाच प्रश्नाचं उत्तर देतात, आणि आपण नवखे वाचक ते दोन्हीचं उत्तर समजून पुढे जातो. माझी स्वतःची पहिली सहा महिन्यांची टिपणं या गोंधळाने भरलेली आहेत. म्हणून रिसर्चच्या तयारीत असलेल्या तुमच्यासाठी हा लेख. मावशींना विचारूनच त्यांची गोष्ट इथे लिहिते आहे. आणि हा वैद्यकीय सल्ला नाही, हे आधीच सांगते.

हा आजार परत का येतो?

भारतात दरवर्षी अंडाशयाच्या कर्करोगाचे ४५ हजारांहून जास्त नवे रुग्ण सापडतात. भारतीय स्त्रियांमध्ये स्तन आणि गर्भाशयमुख यांच्यानंतर याच कर्करोगाचा क्रमांक लागतो. आपल्या जिल्ह्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने टाटा मेमोरियल सेंटरच्या सोबतीने गावागावांत कर्करोगाची तपासणी केली आहे. पण अशा तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आधीच बघून ठेवता येतात, तसं अंडाशयाचं करता येत नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त स्त्रियांवर याचा मोठा प्रयोग झाला. २०२१ साली त्याचा निकाल आला: स्क्रीनिंगमुळे या आजाराने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत.

त्यामुळे आजार बहुतेक वेळा उशिरा सापडतो. तोवर अंडाशयातून सुटलेल्या पेशी पोटातल्या पाण्याबरोबर फिरून पोटाच्या आतल्या अस्तरावर, म्हणजे पेरिटोनियमवर, रुजलेल्या असतात. पेरलेल्या नाचणीसारखे बारीक दाणे, आतड्यावर, यकृताखाली, डायफ्रामवर. ऑपरेशन आणि केमोने यातलं दिसणारं सगळं गेलं, तरी न दिसणारं थोडं राहू शकतं. पुढच्या टप्प्यात सापडलेल्या रुग्णांपैकी साधारण ७० टक्क्यांमध्ये आजार पुन्हा डोकं वर काढतो.

लवकर कळलं म्हणजे फायदा झालाच, असं नाही

सीए-१२५ हे रक्तात सापडणारं प्रथिन. ते ओळखणारी अँटिबॉडी रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली. आजार परतला की बऱ्याचदा स्कॅनमध्ये काही दिसण्याच्या कितीतरी आधी हा आकडा चढायला लागतो. मग साहजिकच वाटतं, की आकडा चढला की लगेच केमो सुरू करावी.

२०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका ट्रायलने हेच तपासलं. ५२९ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटात सीए-१२५ वाढताच उपचार, दुसऱ्यात त्रास सुरू झाल्यावर उपचार. पहिल्या गटाला केमो जवळजवळ ५ महिने आधी मिळाली, पण जगण्याच्या कालावधीत फरक पडला नाही. केमोचा त्रास मात्र आधी सुरू झाला.

इथे कुणीही विचारेल, मग स्कॅन करून आजार शोधायचाच कशाला? याचं उत्तर शस्त्रक्रियेत आहे.

आजार परतल्यावर पुन्हा ऑपरेशन करावं का, यावर दोन मोठ्या ट्रायल्स झाल्या आणि दोघींनी उलटी उत्तरं दिली. अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या जीओजी-०२१३ मध्ये ४८५ स्त्रिया होत्या. २०१९ मध्ये निकाल आला: ऑपरेशनच्या गटात मध्यक आयुर्मान ५०.६ महिने, ऑपरेशन न केलेल्या गटात ६४.७ महिने. हा फरक संख्याशास्त्राच्या निकषावर ठाम ठरला नाही, पण ऑपरेशनने फायदा झाला असंही दिसलं नाही. २०२१ मध्ये जर्मन गटाच्या पुढाकाराची डेस्कटॉप-३ आली. ४०७ स्त्रिया, ऑपरेशनच्या गटात ५३.७ महिने, दुसऱ्या गटात ४६.०. इथे ऑपरेशन जिंकलं.

असं कसं? एक मोठं कारण म्हणजे निवड. जीओजी-०२१३ मध्ये ऑपरेशनला कोण योग्य, हे बरंचसं सर्जनच्या अंदाजावर होतं. डेस्कटॉप-३ मध्ये ठरलेली चाळणी होती: रुग्णाची तब्येत चांगली हवी, पोटातलं पाणी ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त नको, आणि पहिल्या ऑपरेशनमध्ये दिसणारा सगळा आजार काढलेला हवा. शिवाय जीओजी-०२१३ मधल्या बहुतेक स्त्रियांना बेव्हॅसिझुमॅब हे औषधही मिळालं होतं, त्यामुळे दोन्ही निकाल सरळ शेजारी ठेवून चालत नाहीत. चीनमधल्या एसओसी-१ ट्रायलमध्ये तर निवडीसाठी स्कोअरच्या जोडीला पेट-सीटीही वापरलं गेलं.

डेस्कटॉप-३ मधला आणखी एक आकडा बघा. ज्यांचा सगळा आजार निघाला, त्यांचं मध्यक आयुर्मान ६१.९ महिने. ज्यांचं ऑपरेशन झालं पण आजार मागे राहिला, त्यांचं याच्या निम्म्याहूनही कमी. एक सावधगिरी: ही तुलना चिठ्ठ्या टाकून केलेली नाही. ज्यांचा आजार मुळातच कमी, त्यांचा तो पूर्ण निघतो आणि त्या जगतातही जास्त. म्हणजे सगळं श्रेय सुरीला देता येत नाही. तरी व्यवहारातला अर्थ उरतोच. ज्या ऑपरेशनमध्ये आजार मागे राहणार आहे, ते मोठं ऑपरेशन सोसून बाईच्या हाती फारसं काही लागत नाही. आणि जिचा सगळा निघाला असता, तिला ऑपरेशन नाकारलं तर तिचे काही महिने, कदाचित वर्षं जातात. मावशींचा दुसरा प्रश्न किती नेमका होता, ते इथे कळतं.

दिवसा दिसणाऱ्या होड्या आणि रात्रीचे दिवे

आता यंत्रांकडे वळू. संध्याकाळी रत्नदुर्गावर उभं राहून मिरकरवाड्याच्या बाजूला बघा. उजेड असेपर्यंत होड्यांचे आकार दिसतात, पण कुठल्या होडीवर माणसं आहेत आणि कुठली नुसतीच नांगरलेली, ते कळत नाही. सीटी स्कॅन असं असतं. ते आकार दाखवतं. पहिल्या ऑपरेशनमुळे पोटात आधीच व्रण, चिकटलेली आतडी असतात. त्यात व्रण कुठला आणि गाठ कुठली, हे नुसत्या आकारावरून सांगणं कठीण. एक सेंटिमीटरहून लहान दाणे तर सीटीच्या हातून बरेच निसटतात.

अंधार पडला की होड्यांचे आकार जातात आणि दिवे दिसायला लागतात. पेट स्कॅन म्हणजे हे दिवे. कर्करोगाच्या बऱ्याच पेशी ग्लुकोज हावऱ्यासारखं ओढतात, हे ओटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. म्हणून ग्लुकोजसारख्या रेणूला किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ जोडून ते शिरेतून देतात. या औषधाचं नाव एफडीजी. फ्लोरिनमधून बाहेर पडलेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघंही नाहीसे होतात आणि ५११ केईव्हीचे दोन फोटॉन विरुद्ध दिशांना सुटतात. भोवतीच्या कड्यातले डिटेक्टर ही जोडी पकडतात. पेट-सीटीमध्ये दिवे आणि होड्यांचे आकार एकाच चित्रात येतात.

पण दिव्यांचीही अडचण आहे. लांबून शेजारशेजारचे दोन दिवे एकच वाटतात आणि बारीक दिवा पसरून फिका दिसतो. पेटची नजर साधारण ४ ते ६ मिलिमीटरपर्यंतच तीक्ष्ण असते. त्याहून दुपटी-तिपटीने मोठी नसलेली गाठ खरी असते त्यापेक्षा फिकी उमटते. याला पार्शियल व्हॉल्यूम इफेक्ट म्हणतात. नाचणीएवढा दाणा कितीही हावरा असला, तरी दिसेलच याची खात्री नाही.

तिसरं यंत्र एमआरआय. त्यातली डिफ्युजन पद्धत पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजते. एरवी राम आळीतून तुम्ही सरळ चालत जाता. गणपतीच्या आदल्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. गाठीत पेशी अशाच दाटीवाटीने असतात, पाण्याला हलता येत नाही, आणि ती जागा चित्रात उजळते. आतड्याच्या पृष्ठभागावरचे आणि आतडं धरून ठेवणाऱ्या पडद्यावरचे बारीक दाणे शोधायला ही पद्धत उपयोगी पडते. बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या गटाने संपूर्ण शरीराच्या डिफ्युजन एमआरआयवर याच अंगाने काम केलं आहे.

एफडीजी आणि मुंबई-गोवा रस्ता

फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं. १९७६ मध्ये माणसावर पहिल्यांदा एफडीजी वापरलं, तेव्हा ते ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत बनवून विमानाने फिलाडेल्फियाला नेलं होतं. कारण हेच, औषध वाटेतच सरतं. भारतात २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये मेडिकल सायक्लोट्रॉन आला, तेव्हा कुठे इथे पेटचं युग सुरू झालं.

आता गणित करा. मुंबईत बनलेलं एफडीजी गाडीने रत्नागिरीला आणायचं आहे आणि प्रवासाला ७ तास २० मिनिटं लागतात, असं धरा. म्हणजे ४४० मिनिटं, बरोबर ४ अर्धायुष्यं. १०० भागांचे ५०, मग २५, मग १२.५, शेवटी ६.२५. पोचेपर्यंत सोळावा हिस्सा उरला. म्हणून एका बाजूला यंत्र कुठे बसवायचं याचा विचार सायक्लोट्रॉनपासूनचं अंतर मोजून होतो, आणि दुसऱ्या बाजूला आपल्याकडची माणसं रात्रीची कोकणकन्या पकडतात. इंजेक्शनआधी ४ ते ६ तास उपाशी राहायचं, रक्तातली साखर ताब्यात हवी, आणि इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहायचं. उपाशी पोटी केलेला प्रवास पेपरच्या मेथड्स विभागात एका ओळीत मावतो.

शंभर बायकांचं गणित

२००९ मध्ये ३४ अभ्यास एकत्र करून एक मेटा-ॲनालिसिस प्रसिद्ध झालं. अंडाशयाचा कर्करोग परतला का, हे ओळखण्यासाठी पेट-सीटीची सेन्सिटिव्हिटी ९१ टक्के आणि स्पेसिफिसिटी ८८ टक्के निघाली. सीटीची ७९ आणि ८४. सीए-१२५ ची ६९ आणि ९३.

हे आकडे पाठ करून उपयोग नाही. मावशींसारख्या, सीए-१२५ वाढलेल्या १०० बायका घ्या आणि समजा त्यांतल्या ८० जणींमध्ये आजार खरंच परतला आहे. हा ८० चा आकडा मी समजण्यासाठी धरलाय. सीटी केलं, तर ८० पैकी ६३ सापडतील, १७ निसटतील. उरलेल्या २० पैकी १७ जणींना बरोबर "नॉर्मल" म्हटलं जाईल. म्हणजे "नॉर्मल" रिपोर्ट एकूण ३४ जणींच्या हातात, आणि त्यातल्या १७ जणींमध्ये आजार आहे. निम्म्या! नाणं उडवल्यासारखंच झालं.

त्याच बायकांचं पेट-सीटी केलं तर ७३ सापडतील, ७ निसटतील. "नॉर्मल" म्हटलेल्या २५ जणींपैकी ७ जणींमध्ये आजार असेल. सुधारणा मोठी आहे, पण "नॉर्मल" म्हणजे "गेला" असं इथेही नाही.

आता गट बदला. काहीही त्रास नाही, सीए-१२५ ठीक, नुसती नेहमीची तपासणी, आणि १०० पैकी २० जणींमध्येच आजार आहे असं धरा. पेट-सीटी १८ पकडेल. पण निरोगी ८० पैकी साधारण १० जणींनाही "आहे" म्हणेल. २८ पॉझिटिव्हमधल्या १० खोट्या. यंत्र तेच, टक्केवारी तीच, अर्थ मात्र पार बदलला. कुठलाही पेपर वाचताना आधी विचारा: या अभ्यासातल्या बायका कोण होत्या?

खोटे दिवे लागतात कुठून, तेही माहीत हवं. आतडं स्वतः ग्लुकोज ओढतं. एफडीजी लघवीवाटे जातं, म्हणून मूत्रवाहिनी आणि मूत्राशय उजळतात. ताज्या ऑपरेशनची सूज उजळते. आणि आपल्याकडे विसरून चालणार नाही असा एक सोंगाड्या म्हणजे पोटाचा टीबी. तोही पेटमध्ये उजळतो, तोही सीए-१२५ वाढवतो, तोही पोटात पाणी करतो. उलट बाजूने, म्युसिनस आणि हळू वाढणाऱ्या काही गाठी ग्लुकोज फारसं ओढत नाहीत, त्यामुळे असूनही दिसत नाहीत.

दुसरा प्रश्न: सगळा निघेल का?

वरचं सगळं गणित पहिल्या प्रश्नाचं, म्हणजे "आहे का" याचं. त्यात दहापैकी एक जरी जागा यंत्राने पकडली, तरी ती बाई "बरोबर ओळखली" या रकान्यात जाते. सर्जनला मात्र उरलेल्या नऊ जागा हव्या असतात. छोट्या आतड्यावर ठिकठिकाणी दाणे असतील तर सगळं आतडं कापून काढता येत नाही. तिथेच ऑपरेशनचा निर्णय फिरतो. आणि बारीक दाणे दिसत नाहीत ते नेमके तिथेच.

म्हणून दुसऱ्या प्रश्नासाठी हिशोब बाईमागे न करता जागेमागे करावा लागतो. पेरिटोनियल कॅन्सर इंडेक्समध्ये पोटाचे १३ भाग पाडतात आणि प्रत्येकाला ० ते ३ गुण देतात, जास्तीत जास्त ३९. स्कॅनवरून दिलेले गुण आणि ऑपरेशनमध्ये डोळ्यांनी बघून दिलेले गुण भागाभागाने ताडून बघता येतात. हे करणारा अभ्यास दुसऱ्या प्रश्नाच्या जवळ जातो.

इथे एक मोठा खड्डा आहे. पोट उघडून खातरजमा कोणाची होते? ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांची. आणि ऑपरेशन कोणाचं झालं? ज्यांच्या स्कॅनवरून ते शक्य वाटलं त्यांचं. स्कॅनने ज्यांना बाहेर काढलं, त्यांच्या बाबतीत स्कॅन चुकला होता का, हे कधी तपासलंच जात नाही. याला व्हेरिफिकेशन बायस म्हणतात. आंब्याच्या पेटीतले वरून चांगले दिसणारे आंबेच कापून बघायचे आणि "माझी पारख अचूक" म्हणायचं, तसं हे. टाकून दिलेल्यांत किती गोड होते, कोण सांगणार?

तर पेपर हातात घेतलात की पाच गोष्टी वहीत लिहा:

१. प्रश्न कुठला आहे, "आहे का" की "सगळा निघेल का"?
२. अभ्यासातल्या स्त्रिया कशा निवडल्या, आणि त्यांच्यात आजाराचं प्रमाण किती होतं?
३. हिशोब बाईमागे आहे, की जागेमागे?
४. खरं-खोटं कशावरून ठरवलं? ऊतीच्या तपासणीवरून की नुसत्या पुढच्या स्कॅनवरून? आणि ज्यांचं ऑपरेशन झालं नाही त्यांचं काय केलं?
५. स्कॅन वाचणाऱ्याला आधीचे रिपोर्ट माहीत होते का?

या प्रश्नांची शिस्तशीर रूपंही आहेत. क्वाडास-२ ही दुसऱ्याचा अभ्यास तपासायची चौकट, आणि स्टार्ड २०१५ ही स्वतःचा अभ्यास लिहायची यादी. पण आधी हे पाच प्रश्न हाताने सोडवा, मग त्या चौकटी कंटाळवाण्या वाटणार नाहीत.

मावशींचं पुढे काय झालं

डॉक्टरांनी पेट-सीटी सांगितलं. मी सोबत गेले. कोकणकन्येत मावशींनी डबा उघडला तो फक्त माझ्यासाठी. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: ओटीपोटात एक जागा उजळलेली. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि ते नको असलेलं होतं. मी गप्प बसले. मावशीच म्हणाल्या, "एकच आहे ना?"

मला ती नाचणी आठवली. एकच *दिसतेय*, हे वाक्य जिभेवर होतं, पण ते सांगणं माझं काम नव्हतं. डॉक्टरांनी ते माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं सांगितलं. यंत्राला दिसत नाही असंही काही असू शकतं, म्हणून आधी दुर्बिणीतून पोटात बघू, आणि सगळं काढता येईल असं वाटलं तरच पुढचं मोठं ऑपरेशन करू. मावशींनी तारीख विचारून घेतली.

त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून यायचं आहे. वहीत तो प्रश्न तसाच ठेवलाय, आणि त्याच्यापुढची जागा मोकळी.